मालकाला मत नसतं

गाडीतून सात जण उतरले. सहा जणांची डोकी तुळतुळीत आणि सातव्याच्या डोक्यावर जाळीची टोपी. ग्रामपंचायतीच्या दारात उभी राहून मी एकेकाचा चेहरा बघत होते.

कंधारच्या बाजूचं गाव. नाव लिहीत नाही, कारण ही सगळी माणसं अजून तिथेच राहतात आणि मला त्यांचे फोन नको आहेत. मी तेव्हा तहसीलदार होते. त्या दिवशी सरपंचांवरच्या अविश्वास प्रस्तावाची सभा होती आणि अध्यासी अधिकारी मी होते. अध्यासी अधिकारी म्हणजे सभा चालवणारा, पण मत नसलेला आणि बाजू नसलेला माणूस. बाजू नसलेला माणूस असू शकतो, हे गावात कुणालाच पटत नाही, तो भाग वेगळा.

सरपंच होत्या संगीताबाई. वय पस्तिशीचं, शिक्षण दहावी. आरोप असा होता, की गावच्या बोअरसाठी पंचायतीने घेतलेली नवी मोटार बोअरवर न बसता सरपंचांच्या शेतात बसली. आरोप करणारे दिगंबरराव, म्हणजे आधीचे सरपंच. या खेपेला ते स्वतः सदस्य नव्हते, पण पॅनल त्यांचं होतं. त्यांच्या काळात गावच्या सभागृहात त्यांचंच सोयाबीन साठवलेलं असे. त्याची तक्रार झाली होती आणि ती कुठेतरी शांत झोपली होती. त्यामुळे संगीताबाईंच्या पक्षाचे लोक म्हणत, "आमच्यावर सूड काढून राहिले." दिगंबररावांच्या पक्षाचे म्हणत, "चोरी उघडी पडली की समद्यायला सूड आठवतो." दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. माझी पंचाईत तीच होती.

प्रस्तावाची नोटीस माझ्याकडे आली तेव्हापासून फोन थांबला नव्हता. एका बाजूचे साहेब म्हणत, "मॅडम, भ्रष्टाचाराला पाठीशी घालू नका." दुसऱ्या बाजूचे म्हणत, "मॅडम, महिला सरपंचावर अन्याय होऊ देऊ नका." दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच होता, आमचं काम करा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी सकाळी एका पार्टीला मॅनेज झालेली असे आणि संध्याकाळी दुसऱ्या. खुर्चीत बसलं की उठावंसं वाटे, उठलं की फोन वाजे. जेवताना घास तोंडातच फिरत राही. घरी नवरा म्हणाला, "अगं, एका गावचा सरपंच तो, इतकं काय?" त्याला काय सांगणार? एका गावच्या सरपंचासाठी तहसीलदाराची बदली होते, हे त्याला माहीत होतं. तरी विचारत होता.

आकडेमोड साधी होती. सदस्य नऊ. सरपंच बाई असेल तर तिला काढायला तीन-चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे इथे सात. दिगंबररावांकडे बरोबर सात होते, एकही जास्त नाही. म्हणून त्यांनी आपल्याकडची रीत पाळली आणि सात जणांना सहलीला नेलं. या सहलीत मजा कमी आणि पहारा जास्त असतो. मतदान होईपर्यंत आपले सदस्य गावाबाहेर ठेवायचे, त्यांचे फोन काढून घ्यायचे, खाऊपिऊ घालायचं आणि सभेच्या वेळेला गाडी थेट दारात आणून लावायची. मधे दुसऱ्या पार्टीला ते सापडता कामा नयेत. हे सात जण तिरुपतीला जाऊन आले. सहांनी केस दिले. सातवे करीमभाई, त्यांनी येताना हैदराबादेत दर्ग्याला चादर चढवली. सगळ्यांनी आपापल्या जागी हात जोडून दिगंबररावांना शब्द दिला होता. बंदोबस्त चोख होता.

फक्त त्या सातांपैकी सदस्य तिघंच होते. उरलेले चौघं सदस्य बायकांचे नवरे होते.

यात दिगंबररावांना वेड्यात काढायचं कारण नाही. गावात त्या चौघांना सगळे सदस्यच म्हणत. मासिक सभेला तेच बसत, ठराव तेच करीत, चहाही तेच पीत. सभा झाली की ग्रामसेवक रजिस्टर घेऊन घरोघरी जाई आणि खऱ्या सदस्य पीठ मळता मळता हात पुसून सही करीत. अविश्वासाची नोटीस द्यायला या चौघी तहसीलला आल्या होत्या, तेव्हाही मी प्रश्न त्यांना विचारला आणि उत्तर शेजारच्या नवऱ्याने दिलं. सही तेवढी त्यांनी केली. सदस्य सांभाळून ठेवायची वेळ आली तेव्हा दिगंबररावांनी सवयीने तेच गाडीत घातले, जे त्यांना सदस्य म्हणून माहीत होते. बायका मागे गावातच राहिल्या. उन्हाळा होता. त्या डोक्यावर घागरी घेऊन लांबच्या विहिरीचं पाणी वाहत होत्या.

"चला म्याडम, कोरम पुरा हाय," दिगंबरराव म्हणाले. कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी.

"सदस्य कुठे आहेत?"

"हे काय, समोर हुभे हायत की."

मी टोपीवाल्यांकडे वळले. "तुम्ही सदस्य?"

"म्या रेहानाबीचा मालक," करीमभाई म्हणाले.

"मालकाला मत नसतं. रेहानाबींना बोलवा. बाकीच्या तिघींनाही."

दिगंबरराव हसले. मी गंमत करते आहे असं त्यांना वाटलं. "म्याडम, आजपत्तोर हेच बसत आलेत. बायायला काय कळतंय मिटिंगमधलं? सह्या आमी आणून देतो ना."

"ही मासिक सभा नाही. इथे माझ्यासमोर हात वर करावा लागतो. तो घरून आणता येत नाही."

मग मात्र त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्या चार डोक्यांकडे असं पाहिलं, जणू ती त्यांनी पहिल्यांदाच बघितली. खरं सांगते, मला बरं वाटलं. इतके दिवस मी एकटी अस्वस्थ होते, आता सोबत मिळाली.

आत गेले तर सरपंचांच्या खुर्चीवर एक पांढरा शर्ट बसलेला. संगीताबाई भिंतीशी उभ्या.

"आपण कोण?"

"सरपंच," तो म्हणाला.

"सरपंच तर या बाई आहेत."

"तेच की वो. म्या माधव, तिचा मालक. तिला बोलता येत न्हाई, म्या हाय ना."

"बाहेर," मी म्हटलं. मी जरा मोठ्यानेच बोलले असेन, कारण हवालदार आत आला. माधवराव उठले, पण जाताना खिडकीजवळची जागा धरली. मग सगळ्याच मालकांनी खिडक्या धरल्या. गज होते म्हणून बरं. मी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. आत उकाड्याने जीव जाऊ लागला आणि नेमकी लाईट गेली.

मोटारसायकली धुरळा उडवत गेल्या आणि चौघींना घेऊन आल्या. येताना वाटेत त्यांना पढवलं असणार. सगळ्यांत वयस्क चंद्रकलाबाई. त्या पुढे, रेहानाबी त्यांच्यामागे आणि मग दोघी तरुण सुना. पंचायतीच्या खुर्चीवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. एक तर खुर्ची पुसून बसली.

मी हजेरी घेतली. नऊच्या नऊ सदस्य हजर. प्रस्ताव वाचला, मोटारीचा आरोप वाचला. दिगंबररावांचा पुतण्या सदस्य होता, तो उठून तावातावाने बोलला. गावाचं पाणी तोडलं, जनतेचा विश्वासघात केला, असं बरंच. तोडलेलं पाणी त्याच्या घरी टँकरने येत होतं हे तो बोलला नाही. मलाही ते काढता येत नव्हतं. बाजू नसलेल्या माणसाला माहिती असली तरी ती गिळावी लागते. संगीताबाईंच्या बाजूचा एकटा सदस्य उठला आणि सोयाबीनवर घसरला. "तुमच्या काकानं सभागृहात काय भरलं ते बी सांग की!" दोघांची जुंपली. मी टेबलावर हात आपटला. आज विषय मोटार, सोयाबीन नाही. सोयाबीन कधी विषय होणार, हे मला कुणी विचारलं नाही.

आता कायद्यातली एक गोष्ट सांगते. जिच्यावर अविश्वास आणला आहे, तिला बोलायचा हक्क असतो. मतदानाच्या आधी, सगळ्यांसमोर. पुष्कळ सभांमध्ये हा हक्क एका वाक्यात उरकतात. सरपंच म्हणतात, आरोप खोटे आहेत, आणि लगेच हात मोजतात. संगीताबाईंचं पद त्या बोलण्यावर अवलंबून होतं. मी म्हटलं, "बोला."

त्या उभ्या राहिल्या. पदर बोटाला गुंडाळला, सोडला. खिडकीच्या फटीतून माधवरावांचा आवाज आला, "खोटं हाय म्हन! राजकारण हाय म्हन!" हवालदार बाहेर धावला.

संगीताबाई काही बोलेनात. मीच घामाने भिजले होते. घड्याळाकडे बघू नये म्हणून मी पेनचं टोपण काढत-लावत बसले.

मग चंद्रकलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मोटार कुठं हाय ते समद्या गावाला ठाव हाय. नेली कुनी ते सांग."

"मालकानं नेली," संगीताबाई म्हणाल्या. "सही माझी हाय."

"तू अडवलीस का?"

"एक बार बोलले. मंग न्हाई बोलले."

एकदा बोलल्यावर काय झालं, हे कुणी विचारलं नाही. चौघींपैकी कुणालाच ते विचारायची गरज पडली नसावी. रेहानाबी हळूच म्हणाल्या, "हमारेवाले बी कहाँ सुनते जी." दिगंबररावांचा पुतण्या उठला, "म्याडम, गुन्हा कबूल झाला! घ्या मतं!" मी त्याला खाली बसवलं. बाईंचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"मोटार आमच्या शेतात हाय," संगीताबाई पुन्हा बोलू लागल्या. आता आवाज चढला होता. "म्या रोज बगते. तिकडं पाणी पडतंय आन् मी बी तुमच्यासंगं विहिरीवर घागर घेऊन येते. मला लाज वाटती. पर म्या काय करू? कागद आला की सही करते. न्हाई केली तर घरात राहायचं अवघड व्हतं. तुमी बी तशाच करता की सह्या. आज तुमी हात वर केला तर म्या घरी जाईन. मोटार शेतातच राहील."

इतक्या वर्षांच्या नोकरीत आरोपीने इतकं सरळ बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पुढाऱ्यांचं सोडाच.

"म्या राहिले तर मोटार परत आणते," त्या म्हणाल्या. "न्हाई आणली तर उद्या काढा मला."

इथे मला मधे पडावं लागलं. "उद्या काढता येणार नाही," मी सगळ्यांना सांगितलं. "आज प्रस्ताव पडला तर कायद्याने तो लवकर पुन्हा आणता येत नाही. काय ते आज समजून ठरवा." सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. संगीताबाई माझ्याकडे रागाने बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, मी पलीकडच्या पार्टीची.

मतदान घेतलं. प्रस्तावाच्या बाजूने हात वर करा, मी म्हटलं. तिन्ही पुरुषांचे हात ताडकन वर गेले. एका सुनेने डोळे मिटून हात वर केला. दुसरीचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच राहिला.

"वर आहे की खाली?" मी विचारलं. विचारणं भाग होतं, कारण अर्धं मत लिहायला जागा नसते.

तिने हाताकडे पाहिलं. "खाली," ती म्हणाली.

चंद्रकलाबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. रेहानाबी जमिनीकडे बघत होत्या. सात लागत होती, चार पडली. अविश्वास प्रस्ताव फेटाळला.

दार उघडलं तसा बाहेर गोंधळ उडाला. "आमच्याकडं सात होते!" दिगंबरराव ओरडत होते. चार डोकी घरच्या दिशेने रागाने निघाली होती. मला त्या चौघींची काळजी वाटली. मी हवालदाराला गावात थांबायला सांगितलं आणि चंद्रकलाबाईंना माझा नंबर दिला. त्या म्हणाल्या, "राहू द्या म्याडम. आमी घरी बगतो घरचं." संगीताबाईंच्या पक्षाच्या लोकांनी गुलाल आणला, हलगी वाजायला लागली आणि खांद्यावर कुणाला उचललं, तर माधवरावांना. ज्याने मोटार नेली त्याची मिरवणूक निघाली. सरपंच पंचायतीच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकाचा फोन आला. मोटार बोअरवर बसली होती. संगीताबाई स्वतः मिस्त्री घेऊन शेतात गेल्या होत्या आणि चंद्रकलाबाई, रेहानाबी त्यांच्यासोबत होत्या. माधवराव काय बोलले, हे ग्रामसेवकाने सांगितलं नाही. मला फार आनंद झाला. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

पण सभा संपली तरी तिचं इतिवृत्त उरतं. इतिवृत्त म्हणजे सभेत कोण काय बोललं त्याची अधिकृत नोंद. मी ते सभेतच लिहिलं होतं, बोलल्याप्रमाणे, एक शब्द इकडेतिकडे न करता. संगीताबाईंनी वाचून सही केली होती. दिगंबररावांनी रीतसर अर्ज करून त्याची नक्कल घेतली आणि थेट जिल्हा परिषदेत तक्रार केली. सरपंचाने पंचायतीची मालमत्ता खासगी वापरात गेल्याचं स्वतः कबूल केलं आहे, पदावरून काढा.

चौकशी लागली. ही चौकशी झपाझप चालली. सोयाबीनची कशी चालली होती, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मला साक्षीला बोलावलं. मी काय सांगणार? जे झालं ते सांगितलं. अधिकारी सज्जन होते. मी त्यांना म्हटलं, "साहेब, मोटार परत बसली आहे. आणि नेली ती नवऱ्याने."

ते म्हणाले, "मॅडम, नवरा आमच्या कक्षेत येत नाही. तो खासगी इसम. त्याच्याविरुद्ध पोलिसात जायचं तर पंचायतीने जावं."

पंचायतीने म्हणजे सरपंचांनी. म्हणजे संगीताबाईंनी, नवऱ्याविरुद्ध.

संगीताबाईंच्या पक्षाने एक दिवस कंधारला धरणं धरलं, सुडाचं राजकारण म्हणून घोषणा दिल्या, फोटो काढले. पुढे आयुक्तांकडे सुनावणी झाली, तिथेही मला बोलावलं होतं; त्यांच्यातला मात्र कुणी आला नाही. माधवराव वकिलासोबत आले होते आणि बाहेर व्हरांड्यात बसून होते. मी बाईंना म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही नुसतं खोटं आहे म्हणाला असतात, तर आज हे नसतं."

"मंग त्या दिवशीच गेले असते," त्या म्हणाल्या. "चौघींचे हात वर गेले असते."

पुढे आदेश आला. संगीताबाईंना पदावरून काढण्यात आलं. आदेशात चूक काढायला जागा नव्हती. मोटार गेली होती, सही त्यांची होती, कबुलीही त्यांची होती. मी स्वतः त्या खुर्चीत असते तर वेगळा लिहिला असता का, हे मी मला पुष्कळदा विचारलं. नसता लिहिता आला. तरी तो वाचून मला रडू आलं आणि रागही आला, आणि तो राग कुणावर काढावा हे आजही कळत नाही.

त्यानंतर त्या एकदा तहसीलला आल्या, मुलीच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. पिशवीत आदेशाची प्रत होती. माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "म्याडम, म्या दोनदा वाचलं. ह्यात मालकाचं नाव कुठंच न्हाई."

"नसणारच. पंचायतीत ते कुणीच नव्हते."

त्यांनी कागदाची घडी घातली. ती पिशवीत ठेवता ठेवता म्हणाल्या, "मंग आता मी बी कुनी न्हाई. बोअरवरची मोटार पुन्ना न्यायची म्हणले, तर सही कुनाची आणतील?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. दाखला घेऊन गेल्या.

आता निवृत्त होऊन मी लातूरला राहते. नव्याने निवडून आलेल्या बायकांच्या प्रशिक्षणाला कधीमधी मला बोलावतात. हॉल भरलेला असतो, पण निम्म्या खुर्च्यांवर मालक असतात. मी आधी त्यांना बाहेर काढते. आयोजकांना ते आवडत नाही, म्हणतात, मॅडम, वातावरण बिघडतं. बिघडू दे. मग मी बायकांना एवढंच सांगते, की कायद्याला मालक दिसत नाही, सही दिसते. पद जाईल ते तुमचं जाईल. तेव्हा निदान ते जाईपर्यंत तरी खुर्चीत तुम्हीच बसा.